फोन चार्जिंगला लावला की टच भरकटतो, बोटांना झिणझिण्या येतात: चार्जर कसा तपासायचा

फोन एरवी नीट चालतो, पण चार्जिंगला लावला की स्क्रीन भरकटते. एक अक्षर दाबलं तर शेजारचं उमटतं, यादी आपोआप सरकते, कधी परस्पर कुणाला तरी फोन लागतो. धातूच्या कडेवरून बोट फिरवलं की एरवीची गुळगुळीत कडा खरखरीत लागते, झिणझिण्या येतात. वायर काढली की सगळं जागेवर. मग स्क्रीनगार्ड बदलून होतो, फोन रीसेट मारून होतो, क्वचित डिस्प्लेही बदलला जातो, आणि आठवड्याभरात तीच तक्रार पुन्हा उभी राहते. कारण दोष बहुतेक वेळा फोनमध्ये नसतोच, सॉकेटात खोचलेल्या चार्जरमध्ये असतो.

"पण चार्ज तर होतोय ना?" हा प्रश्न इथे हमखास येतो. होतोय, आणि त्यावरून काहीच कळत नाही. ५ व्होल्ट तयार करणं हे चार्जरचं सोपं काम. ते अगदी टाकाऊ चार्जरही करतो. अवघड काम वेगळं आहे. २३० व्होल्टचा एसी पुरवठा आत गेल्यावर त्याचा सुमारे ३२५ व्होल्टचा डीसी होतो. हे ३२५ व्होल्ट आणि तुमच्या हातातला फोन यांच्यामध्ये एक भिंत उभी ठेवायची, उन्हाळ्यात, दमट हवेत, व्होल्टेज वरखाली होत असताना, वर्षानुवर्षं. ती भिंत भक्कम आहे की पुठ्ठ्याची, हे फोनला समजत नाही. स्वस्त चार्जरमध्ये पैसे वाचवले जातात ते याच भिंतीत, कारण ती बाहेरून दिसत नाही.

आधी हे बघा, मग तपासणी

चार्जरला जळका किंवा सडक्या मासळीसारखा वास येत असेल, आतून चरचर ऐकू येत असेल, प्लास्टिक पिवळं पडलं किंवा फुगलं असेल, पिना हलत असतील, कवच उकललं असेल, किंवा फोनला हात लावल्यावर झिणझिण्यांऐवजी टोचल्यासारखा चटका बसत असेल, तर पुढची एकही तपासणी करायची नाही. स्विच बंद करा, मगच प्लग काढा. प्लास्टिक वितळून सॉकेटाला चिकटलं असेल तर ओढाताण न करता त्या लाइनचा एमसीबी पाडा. धूर किंवा ज्वाळा दिसल्या तर पाणी ओतू नका, आधी वीज तोडा.

बारीक शिट्टीसारखा आवाज मात्र नेहमीच धोक्याचा नसतो. लोड अगदी कमी असताना ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, चांगल्या चार्जरचाही. चरचर आणि गुणगुण यांत फरक करा.

दोष कुणाचा, फोनचा की चार्जरचा

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा एवढाच नियम. चार्जर आणि केबल दोन्ही एकदम बदलून "आता बरं चाललंय" म्हणण्यात अर्थ नाही. दोषी कोण ते कळत नाही आणि खराब वस्तू घरात फिरत राहते.

पहिली चाचणी पॉवर बँकेची. तीच केबल, तोच फोन, फक्त चार्जरच्या जागी पॉवर बँक. पॉवर बँक स्वतः त्या वेळी सॉकेटाला लावलेली नको, नाहीतर चाचणी फुकट. पॉवर बँकेवर टच सरळ चालला आणि झिणझिण्या गेल्या, तर फोन आणि केबल दोघेही सुटले. संशय सॉकेटाकडून येणाऱ्या विजेवर, म्हणजे चार्जरवर किंवा वायरिंगवर. पॉवर बँकेवरही टच उड्या मारत असेल तर तीच चाचणी दुसऱ्या केबलने करा. तरीही फरक पडला नाही, तर फोन उघडायची वेळ आली. विशेषतः डिस्प्ले आधी बदललेला असेल, तर जोडणी करताना डिस्प्लेमागची तांब्याची पट्टी किंवा ग्राउंडचा स्प्रिंग राहून गेला का, ते बघायला सांगा.

दुसरी चाचणी: तोच चार्जर दुसऱ्या खोलीतल्या, दुसऱ्या लाइनवरच्या सॉकेटात लावायचा. तिसरी: त्याच सॉकेटात खात्रीचा, फोनच्या कंपनीचा चार्जर लावायचा. खात्रीच्या चार्जरवर तक्रार येत नसेल तर निकाल लागला.

फोन डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या पोर्टला लावल्यावरच झिणझिण्या येत असतील तर हे प्रकरण वेगळं. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटकडे फिल्टरचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) असतात. अर्थिंग तुटलेलं असेल तर कॅबिनेट निम्म्या व्होल्टेजवर, साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतं. तिथे चार्जर बदलून काही होणार नाही, सॉकेटाचं अर्थिंग दुरुस्त करून घ्यावं लागतं.

झिणझिण्या कुठून येतात

चार्जरच्या आत भिंतीच्या दोन बाजूंना जोडणारा एक छोटा कपॅसिटर मुद्दाम बसवलेला असतो, बहुतेक वेळा निळ्या चकतीचा. त्याला वाय कपॅसिटर म्हणतात. आतलं सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं, त्यातून निघणारा गोंगाट (विजेची बारीक कंपनं) परत मूळ, म्हणजे ३२५ व्होल्टच्या, बाजूला नेऊन सोडणं हे त्याचं काम. त्याची किंमत सहसा १ नॅनोफॅरॅडच्या आसपास असते. ५० हर्ट्झ आणि २३० व्होल्टवर यातून जास्तीत जास्त ७० मायक्रोअँपिअरच्या आसपास करंट जाऊ शकतो. दोन पिनांच्या चार्जरला अर्थ नसतो, त्यामुळे हा करंट फोनमधून, तुमच्यातून जमिनीकडे जातो. अनवाणी फरशीवर उभं राहिलं की जास्त जाणवतो, चप्पल घातली की नाहीसा होतो, हे त्यामुळेच.

अशा दुहेरी इन्सुलेशनच्या उपकरणांसाठी स्पर्शातून जाणाऱ्या करंटची रूढ मर्यादा २५० मायक्रोअँपिअर आहे. विजेचा झटका म्हणून माणसाला जाणवतो तो करंट साधारण ५०० मायक्रोअँपिअरच्या पुढचा. १० मिलिअँपिअरला धरलेली वस्तू हाताने सोडता येत नाही, आणि ३० मिलिअँपिअरच्या वर काळजाच्या ठोक्यांचा प्रश्न येतो. म्हणजे ७० मायक्रोअँपिअरची खरखर धोक्यापासून बरीच लांब आहे, आणि चांगल्या कंपनीच्या चार्जरवरही ती हलकीशी जाणवू शकते.

मग घाबरायचं कशाला? कपॅसिटर कुठला आहे, यासाठी. या जागेसाठी वाय१ वर्गाचा कपॅसिटर लागतो. तो असा बनवलेला असतो की निकामी झालाच तर जोड तुटावा, शॉर्ट होऊ नये. स्वस्त चार्जरमध्ये त्या जागी १ किलोव्होल्टचा साधा सिरॅमिक कपॅसिटर ठोकलेला असतो, अंगावर फक्त '१०२ १केव्ही' छापलेला. दिसायला तसाच, किंमत नगण्य. पण लाइनवर एखादा मोठा झटका आला की हा शॉर्ट होऊ शकतो. त्यानंतर फोनच्या कडेला ७० मायक्रोअँपिअर राहत नाहीत, सरळ मेन्स, म्हणजे सॉकेटातली २३० व्होल्टची वीज येते.

आणि एक गंमत, खरं तर गंमत नव्हे. काही अतिस्वस्त चार्जरमध्ये हा कपॅसिटर बसवतच नाहीत. त्यामुळे झिणझिण्या जवळपास येत नाहीत आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण गोंगाटाला परतीची वाट उरत नाही, तो केबलमधून फोनमध्ये जातो आणि टच भरकटतो. म्हणून फक्त झिणझिण्यांवरून निकाल देऊ नका. झिणझिण्या आहेत म्हणजे चार्जर वाईट असं नाही, नाहीत म्हणजे चांगला असं तर मुळीच नाही.

टेस्टर लावून बघणारे पुष्कळ. फोनच्या कडेला टेस्टर टेकवला की त्यातला निऑन मंद पेटतो, आणि मग घरभर गोंधळ. निऑनला पेटायला काही मायक्रोअँपिअर पुरतात, त्यामुळे निर्दोष चार्जरवरही तो पेटू शकतो. मल्टिमीटरवर फोनची कड आणि अर्थ यांच्यात ९०–११० व्होल्ट दिसले तर तेही तसंच: मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, म्हणून तरंगता व्होल्टेज दिसतो. टेस्टर लख्ख पेटला किंवा मीटरवर जवळपास पूर्ण मेन्सचा आकडा दिसला, तर मात्र चार्जर त्या क्षणी वापरातून काढा.

दोन पिनांचा प्लग उलटा फिरवून लावता येत असेल तर एक खूण मिळते. उलटा लावल्यावर झिणझिण्यांत मोठा फरक पडला, तर आत एसीचा डीसी करायला चार डायोडच्या ब्रिजऐवजी एकच डायोड वापरल्याची दाट शक्यता आहे. काटकसर तिथपर्यंत पोचली असेल तर बाकी ठिकाणी काय केलं असेल याचा अंदाज बांधा.

टच का भरकटतो

बोट टेकल्यावर स्क्रीनखालच्या जाळीच्या कपॅसिटन्समध्ये (वीज साठवण्याच्या क्षमतेत) जो फरक पडतो, तो पिकोफॅरॅडपेक्षाही कमी असतो. फोन तो फरक सेकंदाला अनेकदा मोजतो. चार्जरच्या गोंगाटामुळे अख्खा फोन जमिनीच्या तुलनेत वरखाली हलत असतो, तुमचं बोट मात्र जमिनीशी जोडलेलं. बोट टेकलं की हा सगळा फरक नेमका बोटाखालच्या जाळीत घुसतो. म्हणून फोन टेबलावर एकटा पडलेला असताना स्क्रीन शांत असते आणि हात लावला की पिसाळते, तेही बोटाच्या सरळ रेषेतल्या उभ्या किंवा आडव्या पट्ट्यात. ही खूण दिसली की चार्जर बदला, डिस्प्ले नव्हे.

सुरुवातीला ठीक चालणारा चार्जर चार-सहा महिन्यांनी हा त्रास देऊ लागतो, त्यालाही कारण आहे. आउटपुटचा आणि ३२५ व्होल्टच्या बाजूचा, हे दोन्ही इलेक्ट्रोलिटिक (आत द्रव असलेले) कपॅसिटर गरम हवेत वाळत जातात. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. स्वस्त चार्जरमध्ये १०५ अंशांच्या ऐवजी ८५ अंश सोसणारे कपॅसिटर, तेही कमी मायक्रोफॅरॅडचे, आणि ते बंद डबीत ट्रान्सफॉर्मरला चिकटवलेले. वाळले की रिपल (व्होल्टेजमधली बारीक थरथर) वाढतो, रिपल वाढला की ते आणखी तापतात. तसलाच नवा चार्जर आणला की घड्याळ पुन्हा शून्यावर जातं, इतकंच. तक्रार पुन्हा पुन्हा का येते, त्याचं उत्तर हेच.

युएसबी मीटर लावून तपासणी

चार्जर आणि केबल यांच्यामध्ये खोचायचा छोटा युएसबी मीटर मिळतो, व्होल्ट आणि अँपिअर दाखवणारा. या कामाला तो पुरेसा आहे.

१. फोन न लावता व्होल्टेज बघा. साध्या युएसबी-ए पोर्टवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. अलीकडच्या नियमांत वरची मर्यादा ५.५ आहे. ६ किंवा त्याच्या पुढे आकडा गेला तर चार्जर बाद.

२. बॅटरी २० ते ५० टक्क्यांवर असताना फोन लावा. ८० टक्क्यांच्या पुढे फोन स्वतःच करंट कमी करतो, तेव्हा केलेली मोजणी फसवी असते.

३. २० मिनिटं चालू द्या आणि आकडा हलतो का ते पाहा. लोडवर ४.७५ च्या खाली जाणं हे नापासाचं लक्षण. आकडा ४.४ आणि ५.१ मध्ये झोके घेत असेल तर चार्जर कोलमडतो आहे आणि फोन दर वेळी माघार घेतो आहे.

४. फोन कमीच करंट घेत असेल तर कृत्रिम लोड लावा. ५ ओहम १० वॉटचा एक सिमेंट रेझिस्टर म्हणजे १ अँपिअर. तसे दोन समांतर म्हणजे २ अँपिअर. फरशीवर ठेवा, रेझिस्टर भाजण्याइतका तापतो.

हा रेझिस्टरचा उपाय फक्त युएसबी-ए पोर्टवर चालतो. टाइप-सी पोर्ट समोर ५.१ किलोओहमचा संकेत मिळाल्याशिवाय व्होल्टेज सोडतच नाही; तिथे टाइप-सीचा मीटर आणि ट्रिगर (चार्जरकडे व्होल्टेज मागणारा छोटा बोर्ड) लागतो. टाइप-सी चार्जरवर काहीच न लावता ५ व्होल्ट दिसले तर त्याचा अर्थ साध्या चार्जरला फक्त सी सॉकेट बसवला आहे. आणि तो ९ व्होल्ट न मागताच देत असेल तर फोन त्याला लावूच नका.

'२.४ अँपिअर' छापलेला चार्जर १ अँपिअरवरच ४.५ च्या खाली बसतो, ही नेहमीची गोष्ट. आताचे फोन हुशार असतात: इनपुट व्होल्टेज पडताना दिसला की करंट कमी करून जमवून घेतात. म्हणून मालकाला फक्त "चार्जिंग स्लो आहे" इतकंच जाणवतं. आत चार्जर मात्र क्षमतेच्या टोकावर तासन् तास भाजत असतो.

तापमानाचा अंदाज हातानेच घ्या. ८५ टक्के कार्यक्षमतेचा २० वॉटचा चार्जर पूर्ण लोडवर ३.५ वॉट उष्णता बाहेर टाकतो, त्यामुळे तो कोमट-गरम होणारच. दहा सेकंद मुठीत धरवत नसेल, किंवा फोन न लावताही गरम राहत असेल, तर तो नीट नाही.

केबलचा वाटा

टचच्या तक्रारीतून केबल सुटली तरी ती पूर्ण निर्दोष समजू नका, निदान एकदा हिशेब करा. एडब्ल्यूजी हे तारेच्या जाडीचं माप, आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. २८ एडब्ल्यूजी जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. १ मीटर केबलमध्ये जाणारी आणि येणारी मिळून ०.४३. दोन अँपिअर वाहिले की ०.८५ व्होल्ट केबलमध्येच गेले, फोनला ४.१५ मिळाले. २४ एडब्ल्यूजी असेल तर तूट ०.३४ व्होल्टवर येते. हा आकडा कधी केबलच्या अंगावर छापलेला असतो. तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असेल तर तूट आणखी जास्त.

टोक तापत असेल तर दोष कनेक्टरमध्ये. सांध्याचा रोध ०.१ ओहम जरी झाला तरी ३ अँपिअरला ०.९ वॉट उष्णता तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत तयार होते. टोकाचं प्लास्टिक तपकिरी झालं की केबल टाकून द्या. फोनच्या पोर्टात खिशातला कचरा दाबून बसलेला असतो. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने काढा, पिन किंवा सुई नको.

टाइप-ए ते टाइप-सी केबलमध्ये ५६ किलोओहमचा एक रेझिस्टर असायला हवा. त्याच्या जागी १० किलोओहमचा बसवला तर केबल फोनला खोटं सांगते की मागे ३ अँपिअर उपलब्ध आहेत. फोन तेवढे ओढतो, आणि १ अँपिअरचा चार्जर तापून मरतो. गूगलमधले अभियंता बेन्सन ल्यूंग यांनी २०१५ पासून अशा केबली एकेक करून तपासल्या होत्या. २०१६ मध्ये एका केबलमध्ये पॉवर आणि ग्राउंडच्या तारा उलट जोडलेल्या निघाल्या आणि त्यांचा तपासणीचा लॅपटॉपच निकामी झाला.

भिंतीची तपासणी, जितकी घरी होते तितकी

चार्जर सॉकेटातून काढून पाच मिनिटं बाजूला ठेवा. मल्टिमीटर २० मेगाओहमच्या रेंजवर घ्या. एक प्रोब एसी पिनला, दुसरा युएसबी पोर्टच्या धातूच्या कवचाला. मग तीच पिन आणि पोर्टच्या आतली प्लस, मग मायनस. नंतर हेच सगळं दुसऱ्या पिनेवर. प्रत्येक वेळी 'ओएल' किंवा रेंजबाहेरची खूण दिसली पाहिजे. काही मेगाओहम किंवा त्याहून कमी असा स्थिर आकडा दिसला तर भिंतीला भोक आहे, चार्जर बाद.

सगळीकडे 'ओएल' आलं तरी हुरळून जायचं कारण नाही. मीटर जेमतेम काही व्होल्ट लावतो. प्रयोगशाळेत हीच भिंत ३००० व्होल्ट एसी लावून तपासली जाते. केसाएवढी फट मीटरला भिंतीसारखीच दिसते. दुरुस्तीचं काम करणाऱ्यांकडे ५०० व्होल्टचा इन्सुलेशन टेस्टर असतो. दोन्ही एसी पिना एकत्र आणि पोर्टच्या सगळ्या तारा एकत्र करून मोजल्यावर चांगला चार्जर शेकडो मेगाओहम दाखवतो. २ मेगाओहमच्या खाली आला तर विचार करत बसू नका.

यूएल या चाचणी संस्थेने २०१६ मध्ये अ‍ॅपलच्या फोन अडॅप्टरच्या ४०० नकला तपासल्या. शॉक आणि आगीच्या चाचण्यांमध्ये फक्त ३ पास झाल्या. १२ तर इतक्या वाईट होत्या की जीवघेणा शॉक बसू शकला असता. फोन 'चार्ज होतोय' या कसोटीवर त्यातल्या बहुतेक पास झाल्या असत्या.

आत काय वेगळं असतं

चार्जर घरी उघडू नका. सॉकेटातून काढल्यावरही ३२५ व्होल्टचा कपॅसिटर भरलेला राहू शकतो; ४.७ मायक्रोफॅरॅडचा असला तरी त्यात पाव ज्यूल ऊर्जा असते आणि ती सणसणीत झटका देते. तरी आत काय असतं ते माहीत असलेलं बरं.

चांगल्या चार्जरच्या बोर्डवर मूळ बाजू आणि आउटपुटची बाजू यांच्यात एक रिकामा पट्टा स्वच्छ दिसतो, ५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद. जागा अपुरी असेल तिथे बोर्डात खाच कापलेली असते, म्हणजे धूळ आणि ओल साचून वीज पृष्ठभागावरून रांगू नये. वाईट चार्जरमध्ये याच दोन बाजूंच्या सोल्डरच्या टिकल्या मिलिमीटरभर अंतरावर, कधी त्याहूनही जवळ असतात. पावसाळ्याची दमट हवा आणि थोडी धूळ, एवढं पुरतं.

ट्रान्सफॉर्मरमध्ये खरी काटकसर. चांगल्यात दुय्यम गुंडाळी तीन थरांच्या इन्सुलेशनच्या तारेची असते आणि गुंडाळ्यांमध्ये पॉलिएस्टर टेपचे वेढे. वाईटात दोन्ही गुंडाळ्या साध्या एनॅमल (वार्निशसारखा पातळ थर दिलेल्या) तारेच्या, मध्ये टेपचा एखादा वेढा, तोही कडेला सरकलेला. तार तापली, एनॅमल चिरलं, की दोन गुंडाळ्या एकमेकींना टेकतात. बाहेरून कुठलंच लक्षण दिसत नाही.

फ्यूजच्या जागी चांगल्यात १० ओहमच्या आसपासचा फ्यूजिबल रेझिस्टर असतो, जो बिघाडात शांतपणे तुटतो. वाईटात साधा रेझिस्टर, जो पेटतो. कवचही तसंच: व्ही-० दर्जाचं प्लास्टिक उभं धरून पेटवलं तर ज्योत काढल्यावर १० सेकंदांत विझतं आणि पेटते थेंब गाळत नाही. साधं प्लास्टिक पेटतच राहतं, खाली उशी असली तरी आणि पडदा असला तरी.

एक गैरसमज जाता जाता. आत ऑप्टोकपलर (आउटपुटची माहिती उजेडाने मूळ बाजूला पोचवणारा भाग) नाही म्हणजे चार्जर फालतू, असं सांगितलं जातं. आता चांगले छोटे चार्जरही मूळ बाजूकडूनच व्होल्टेज सांभाळतात, त्यांना तो लागत नाही.

लेबल वाचताना

चिन्हांपेक्षा आधी गुणाकार करा. इनपुट १००–२४० व्होल्ट, ०.५ अँपिअर असं २० वॉटच्या चार्जरवर असतं: १०० गुणिले ०.५ म्हणजे ५० व्हीए (व्होल्ट-अँपिअर, इथे ढोबळपणे वॉटच धरा), हिशेब बसतो. आता '६५ वॉट सुपर फास्ट' लिहिलेल्या डबीवर इनपुट ०.३ अँपिअर दिसला, तर १०० व्होल्टला ३० व्हीए. तीस आत घेऊन पासष्ट बाहेर कुठून येणार? एक तर लेबल खोटं किंवा ते दुसऱ्याच चार्जरवरून उचललेलं. नकला करणारे लोगो नीट उतरवतात, हा गुणाकार मात्र बऱ्याचदा विसरतात.

चौकोनात चौकोन हे दुहेरी इन्सुलेशनचं चिन्ह असायलाच हवं, पण ते छापायला कुणाची परवानगी लागत नाही. सीई हे मुख्यतः उत्पादकाने स्वतःच केलेलं निवेदन आहे, चाचणीचं प्रमाणपत्र नव्हे. यूएल, टीयूव्ही, बीआयएस अशा चिन्हांसोबत क्रमांक असतो आणि तोच कामाचा. बीआयएसच्या चिन्हाबरोबर 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव आणि वस्तूचा प्रकार दिसतो. डबीवरचं नाव आणि तिथलं नाव जुळत नसेल, किंवा तो क्रमांक भलत्याच वस्तूचा निघाला, तर समजून घ्या.

हे उपाय करू नका

फोनच्या कडेला टेप, जाड सिलिकॉन कव्हर, पायात चप्पल: यांनी झिणझिण्या झाकल्या जातात, भिंत दुरुस्त होत नाही. आतला निळा कपॅसिटर कापून टाकायचा सल्ला फिरत असतो. त्याने टच आणखी बिघडतो. त्या जागी हाताशी असलेला दुसरा कपॅसिटर बसवणं तर त्याहून वाईट. संशयित चार्जरवर फोन लावून वायरचा इयरफोन कानात घालणं, ओल्या हाताने फोन उचलणं, फोन उशीखाली ठेवून झोपणं, या तिन्हींत भिंत ढासळली तर मधे दुसरं काहीच नसतं. वायरिंगमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असेल तर शॉकपुरता आधार आहे, आगीपुरता नाही.

बाद ठरलेला चार्जर "तात्पुरता असू दे" म्हणून खणात ठेवला की पाहुण्याच्या हाती लागतो. पिना पक्कडीने वाकवून टाका, मग ई-कचऱ्यात द्या. नवा लावण्याआधी सॉकेटही तपासा. जुन्या चार्जरच्या पिना काळ्या पडल्या असतील तर सॉकेटातल्या पितळी पट्ट्याही ढिल्या आणि काळ्या झालेल्या असणार. तिथे ठिणगी पडत राहते आणि चांगल्यातला चांगला चार्जरही पिनांकडून तापतो. प्लग खोचल्यावर स्वतःच्या वजनाने लोंबत असेल, तर एमसीबी पाडून आधी तो सॉकेट बदलून घ्या.